नाव थांबलं की

बसा ना, पद्मजाबाई. कंदील इथेच राहू द्या, वात मात्र थोडी मोठी करा. माईंचा आत्ताच डोळा लागलाय. आजपासून तुम्ही त्यांच्या उशाशी बसणार, तेव्हा या घरातली एक गोष्ट तुमच्या कानावर असलेली बरी. गावात विचाराल तर आमच्या सासऱ्यांबद्दल, डॉक्टर विष्णुपंतांबद्दल, कुणी वाकडा शब्द बोलणार नाही. अंबरनाथपासून बदलापूरपर्यंत कितीतरी घरांत त्यांचा फोटो देवांच्या ओळीत लावलेला आहे. माई त्यांच्या पत्नी, मी त्यांची सून. मला त्या फोटोला हार घालावा लागतो, आणि मी घालते.

सुरुवात अगदी साध्या कामाने झाली. आण्णांनी, म्हणजे सासऱ्यांनी, मला ऑपरेशनच्या टेबलाचे पट्टे शिवून आणायला पाठवलं. सरकारी नोकरीतून निवृत्त होऊन आण्णा इथे अंबरनाथला आले, तेव्हा लष्कराच्या लिलावातून त्यांनी ते टेबल घेतलं होतं. घराच्या मागच्या दोन खोल्यांत त्यांचा धर्मादाय दवाखाना होता, तिथेच ते ऑपरेशनं करत. आता शेजारीच गावाने वर्गणी काढून नवं शस्त्रक्रियागृह बांधलं होतं, आण्णांच्या नावाचं. दत्तजयंतीला उद्घाटन होतं. टेबल तेच हवं, असा आण्णांचा हट्ट. पट्टे मात्र उसवले होते.

टांगा करून मी निर्वासितांच्या कॅम्पात गेले. उल्हासनगर म्हणायची सवय आम्हाला तेव्हा लागायची होती. बराकींच्या ओळीत लोकूमल म्हणून एक म्हातारा सिंधी चामड्याचं काम करायचा. त्याने एकेक पट्टा मांडीवर घेऊन तपासला. छातीवर आवळायचा रुंद पट्टा हातात आला तसा तो थांबला. चष्मा कपाळावर चढवून त्याने तो उजेडात धरला.

"अदी, ये किसने चबाया है?" अदी म्हणजे त्यांच्या बोलीत ताई.

"उंदीर असतील."

"चूहे का दांत मैं जानता हूं. ये आदमी का है." त्याने अंगठा फिरवला. "नहीं... छोटा है. औरत का."

मी पाहिलं. पट्ट्याच्या मधोमध वर आणि खाली दातांच्या दोन कमानी उमटल्या होत्या. इतक्या खोल, की एका जागी चामडं आरपार गेलं होतं. मी म्हटलं, तेवढा भाग कापून टाका आणि नवा जोडा. त्याने तो तुकडा कापून माझ्यापुढे धरला. दुकानात ठेवायला तो तयार नव्हता. परतताना वालधुनीच्या पुलावर मी टांगा थांबवला आणि तो तुकडा नदीत फेकला. पाण्यात पडल्याचा आवाज मी स्वतः ऐकला, हे लक्षात ठेवा.

घरी येऊन आण्णांना विचारलं, तर वर्तमानपत्रातून डोळे न काढता म्हणाले, "उंदीर."

त्याच आठवड्यात माझं पोट दुखायला लागलं. उजवीकडे, खाली. आण्णांनी मला पलंगावर आडवं पाडून दोन बोटं रुतवली आणि पटकन उचलली. मी किंचाळले. म्हातारा खूश झाला हो! लहान मुलाच्या हाती पतंग लागावा तसा चेहरा झाला त्यांचा.

"अपेंडिक्स! वा, सूनबाई, मुहूर्त साधलास. उद्घाटनाचं पहिलं ऑपरेशन घरचंच."

मी म्हटलं, मला मुंबईला न्या. रात्री आमच्या ह्यांच्या पायाशी बसून रडले. हे म्हणाले, "अगं, आण्णांचा हात म्हणजे काय ते तुला ठाऊक नाही. आणि त्यांच्या सुनेनेच दुसऱ्याच्या सुरीखाली जायचं? लोक काय म्हणतील?" आमचे हे स्वभावाने गरीब. गरीब माणसं किती दुष्टपणा करू शकतात, ते मला त्या रात्री कळलं. दुखणं बर्फाच्या पिशवीवर आणि सुयांवर दाबून ठेवलं गेलं, दत्तजयंती येईपर्यंत.

आता आण्णांची एक पद्धत सांगते, कारण सगळं तिच्यावर आहे. ते दत्तभक्त. रोग्याला टेबलावर बांधलं की म्हणायचे, "दत्त दत्त म्हणत राहा, मोठ्याने." नाकावर जाळी, जाळीवर क्लोरोफॉर्मचे थेंब. ते थेंब टाकायचं काम माईंचं. रोग्याचं नाव घेणं हळूहळू जड व्हायचं, मग थांबायचं. नाव थांबलं की माईंनी बाटली बाजूला ठेवायची आणि आण्णांनी सुरी लावायची. लोकांना या पद्धतीचं फार कौतुक होतं. डॉक्टरसाहेब देवाच्या नावाशिवाय सुरी उचलत नाहीत, असं म्हणायचे.

आदल्या दिवशी दुपारी माई माझ्याजवळ येऊन बसल्या. त्या मुळात कमी बोलत. दार लोटलं, पदर तोंडाशी धरला आणि म्हणाल्या, "मालिनी, उद्या नाव घे. लाजू नकोस. लाजली ती गेली."

"कोण गेली?"

मग त्यांनी सांगितलं. एकोणपन्नास सालची गोष्ट. बदलापूरकडच्या एका पाड्यावरची बनूबाई, पोटात गाठ होती. त्या दिवशी आण्णांनी कल्याणचे दोन डॉक्टर मुद्दाम बोलावले होते, आपल्या हाताचा वेग दाखवायला. बनूबाईला बांधलं, जाळी ठेवली. आण्णा म्हणाले, दत्त दत्त म्हण. ती गप्प. पुन्हा म्हणाले, म्हण. ती गप्पच. ओठ घट्ट मिटलेले. आण्णा हसून पाहुण्यांना म्हणाले, "गेली की लगेच!" आणि माईंना खूण केली. माईंनी बाटली बाजूला ठेवली.

"जागी होती ती," माई म्हणाल्या. "सुरी लागली आणि डोळे उघडले. माझ्याकडेच बघत होती. मी म्हटलं, अजून थोडं देऊ का? तर म्हणाले, वेळ नाही. पाहुणे घड्याळ लावून उभे होते ना. तिने तोंड उघडलं, तसा ह्यांनी छातीवरचा पट्टा वर ओढला... तोंडात. पाहुण्यांना सांगितलं, क्लोरोफॉर्मात असे झटके देतातच."

"मग?"

"गाठ काढली. तबकात ठेवून दाखवली. टाळ्यासुद्धा झाल्या. मी पट्टा काढायला गेले, तर दात सुटेनात. गेली होती ती."

बाहेर व्हरांड्यात तिचा नवरा बसला होता. आण्णा त्याला म्हणाले, ऑपरेशन चांगलं झालं, पण तिचं काळीज कमजोर होतं. त्याने आण्णांच्या पायांवर डोकं ठेवलं. मग आण्णांनी विचारलं, नाव काय तुझं? तो म्हणाला, दत्तू.

नवऱ्याचं नाव ओठावर आणायचं नाही, तसं दुसरं कुणाचं असलं तरी नाही, अगदी देवाचं असलं तरी... हे आपल्याला कुणी शिकवावं लागतं का? ती बाई शुद्धीत होती म्हणून गप्प होती. खोलीत दोन कल्याणचे डॉक्टर आणि एक आण्णा, पण ते कळणाऱ्या एकट्या माई होत्या, आणि त्यांनाही कळलं उशिरा.

"आणि आण्णा? त्यांना कळलं?"

"त्यांनी हात धुतले," माई म्हणाल्या. "मी म्हटलं, निदान बायांना तरी दुसऱ्या देवाचं नाव द्या. तर म्हणाले, देवाच्या नावाने कधी कुणाचं वाईट झालंय का?"

माझ्या नवऱ्याचं नाव गुरुदत्त आहे, पद्मजाबाई. बघा, घेते मी आता सरळ. माझी लाज त्या टेबलावर संपली.

उद्घाटनाला मांडव होता, सनई होती. नव्या खोलीला चुन्याचा वास येत होता. काचेच्या खिडकीपलीकडे गावची प्रतिष्ठित मंडळी खुर्च्यांवर बसली होती, आणि आत आण्णांचे शिष्य, कल्याणचे डॉक्टर चिंतामणी, मदतीला उभे होते. मला बांधलं. छातीवरचा पट्टा आवळताना नव्या चामड्याचा करकर आवाज झाला. जाळी तोंडावर आली. गोड, मळमळवणारा वास. वर माईंचा चेहरा, ओठ हलत होते... घे, घे.

"दत्त म्हण, सूनबाई. मोठ्याने."

मी ठरवून गेले होते. तरी सांगते, जीभ उचलेना. खिडकीपलीकडे हे उभे होते, त्यांचे काका, मामा, सगळा गाव. आजन्म गिळलेलं नाव असं एकदम वर येत नाही. तेवढ्यात आण्णा मागे वळून हसले आणि म्हणाले, "गेली की लगेच!"

तेव्हा माझ्या हनुवटीवर एक हात आला. माईंचा नव्हता, माईंचा मऊ आहे. हा खरखरीत होता, भात लावणाऱ्या बाईचा, आणि बर्फासारखा गार. मनगटात काचेच्या बांगड्या होत्या, त्या माझ्या गळ्याला लागल्या. त्या हाताने माझा जबडा अलगद खाली ओढला... आणि माझ्या तोंडातून नाव बाहेर पडलं. "दत्त." मी म्हटलं नव्हतं. मी फक्त ऐकत होते. मग अंधार झाला.

पुढचं डॉक्टर चिंतामणींनी सांगितलेलं. मी नाव घेत राहिले. माईंनी थेंब टाकले, आणखी टाकले. नाव जड होईना, थांबेना. एका लयीत, दळताना बाई ओवी म्हणते तसं. चिंतामणी म्हणाले, नाडी मंदावलीय, आता क्लोरोफॉर्म नको, ह्या पूर्ण गुंगीत आहेत. आण्णांनी माझी पापणी उचलून पाहिली. बुबुळ हलत नव्हतं. पण नाव चालूच. खिडकीपलीकडे कुजबुज सुरू झाली. आण्णांना कुजबुज कधीच सोसली नाही. "सून सासऱ्याचं ऐकत नाही, हे आता विज्ञानानेही सिद्ध झालं," असं म्हणून हसले आणि आयुष्यात पहिल्यांदाच, नाव चालू असताना, त्यांनी सुरी लावली.

चिंतामणी सांगतात, सुरी माझ्या कातडीवर फिरली आणि आण्णा दुमडले. दोन्ही हात स्वतःच्या पोटावर. तोंड उघडलं, पण आवाज निघाला नाही. मग ते तोंड मिटलं, एवढ्या जोरात की दात एकमेकांवर आपटल्याचं खिडकीपलीकडे ऐकू गेलं. तसेच ते फरशीवर पडले. ऑपरेशन चिंतामणींनी पुरं केलं. माझं नाव घेणं शेवटच्या टाक्यापर्यंत चालू होतं.

थांबलं ते बाहेरच्या एका हाकेने. दत्तू आला होता. दर वर्षी नवा तांदूळ घेऊन यायचा तो, बायकोच्या डॉक्टरांसाठी, कृतज्ञतेने! मांडवाच्या टोकाला टोपली घेऊन बसला होता. आतला आवाज ऐकला, टोपली पडली, आणि तो ओरडला, "बनू! बनू गं!" त्याबरोबर माझं तोंड मिटलं.

आण्णा मेले नाहीत. मेले असते तर सुटले असते. लकव्याने सगळं शरीर गेलं, वाचा गेली, जबडा घट्ट बसला. दातांच्या फटीतून नळीने पेज घालायची. डोळे मात्र जिवंत होते. लोक दर्शनाला यायचे, पायांवर फुलं ठेवायचे, म्हणायचे, काय तपस्वी माणूस, बघा, चेहऱ्यावर किती शांती आहे.

पहिल्याच पावसाळ्यात पाठीला जखमा झाल्या. पडून राहणाऱ्याला होतात, तुम्ही पाहिल्या असतील. मेलेलं मांस कापून काढावं लागतं. चिंतामणी दर आठवड्याला येत आणि कापत. गुंगीचं औषध न देता. मी विचारलं, तर म्हणाले, "वहिनी, संवेदना गेलीय. दुखत असतं तर आवाज केला नसता का?"

"त्यांना दुखतंय," मी म्हटलं.

"कशावरून?"

"डोळ्यांवरून."

"ते डोळे असेच राहणार आता. डॉक्टर मी आहे ना?"

मी पुन्हा बोलले नाही. एकदा सांगितलं होतं, तेवढं माझ्याकडून पुरे. त्यांच्या हाताखाली शिकलेल्या हाताने त्यांचं मांस निघत होतं, आणि त्यांचे डोळे माईंवर खिळलेले असत. माई भांडं धरून उभ्या राहत, भिंतीकडे बघत.

दत्तूही येई. फुलं नाही आणायचा. पायथ्याशी उकिडवा बसून एकच विचारायचा.

"डागदर, बनू शेवटाला काय बोल्ली व्हती का वो? मना सांगा. येकदाच सांगा."

आण्णा छताकडे बघत. तो वाट बघायचा. मग म्हणायचा, "बरं, मी येन परत." आणि यायचा. तो आला की आण्णांच्या कानशिलांवर घाम सुटायचा, हिवाळ्यातसुद्धा.

शेवटचा दिवस गुरुवार होता. सकाळचं ऊन खिडकीतून अंथरुणावर आलं होतं. चिंतामणींनी आण्णांना कुशीवर वळवलं आणि सुरी उकळत्या पाण्यातून काढली. मी उशाशी होते. तेवढ्यात खोलीत तो गोड वास आला. या घरातून क्लोरोफॉर्मची बाटली कधीच हलवली होती. आणि मग कॉटखालून, अगदी हळू, बाईच्या आवाजात...

"दत्त... दत्त... दत्त..."

चिंतामणींचा हात थांबला. "वहिनी, तुम्ही नाव घेताय?"

"नाही."

"माई?"

माईंनी भांडं छातीशी घट्ट धरलं होतं. त्यांनी मान हलवली. आण्णांचे डोळे एवढे मोठे झाले होते की पापण्या दिसेनात. नाव चालू होतं तोवर चिंतामणींनी सुरी तशीच अधांतरी धरून ठेवली. का, ते त्यांनाही सांगता आलं नाही. मग आवाज जड झाला. दोन नावांमध्ये लांब लांब अंतर पडू लागलं. आण्णांच्या घशातून गुरगुर निघाली. मला वाटतं, त्यांना स्वतःला नाव घ्यायचं होतं. कुणीतरी चालू ठेवावं म्हणून धडपडत होते. माझ्याकडे बघत होते.

मी घेऊ शकत होते. मी त्यांच्याकडे नुसतं बघत राहिले.

नाव थांबलं. आणि चिंतामणींनी, वर्षानुवर्षांच्या सवयीने, सुरी लावली.

त्यातच गेले आण्णा. चिंतामणींनी नाडी पाहिली, सुरी पुसली आणि म्हणाले, "शांतपणे गेले." गावात तेच छापून आलं.

तोंडात गंगाजळ आणि तुळशीपत्र घालायचं, तर जबडा उघडेना. पुरुष मंडळी बाहेर तिरडीच्या तयारीला लागली होती. खोलीत मी आणि माई. मी पळीचा दांडा दातांच्या फटीत घातला आणि जोर दिला. कट्कन आवाज होऊन जबडा सुटला. जिभेवर काहीतरी काळं होतं. चिमटीत धरून बाहेर काढलं.

चामड्याचा तुकडा होता. ओला, नदीच्या गाळाचा वास येणारा. त्यावर छोट्या दातांच्या दोन कमानी होत्या, वर आणि खाली, एका जागी आरपार गेलेल्या. लोकूमलने कापलेली कडही मी ओळखली. त्या जबड्यातून इतके दिवस नळीखेरीज काही आत गेलं नव्हतं.

माईंनी तो पाहिला. मी तो आण्णांच्या कफनात, छातीवर ठेवला, आणि तो त्यांच्याबरोबर जळाला. ह्यांच्याकडून खात्री करून घेतली मी. राख सावडताना तिथे काही उरलं नव्हतं.

याला झाले काही महिने. माई तेव्हापासून खंगत चालल्यात. काल चिंतामणींनी त्यांचं पोट तपासलं. गाठ आहे म्हणाले, काढावी लागेल, आपल्याच शस्त्रक्रियागृहात, त्याच टेबलावर. गुंगीचं औषध आता सुईने देतात. तरी नाव घ्यायची पद्धत त्यांनी ठेवलीय, आण्णांची आठवण म्हणून. माईंनी सगळं ऐकून घेतलं. ते गेल्यावर मला जवळ बोलावलं आणि हळूच विचारलं,

"मालिनी, माझ्या तोंडाला चामड्याची चव का येते गं?"

तर पद्मजाबाई, एवढ्याचसाठी तुम्हाला सांगितलं. माईंना जाग आली तर पाणी द्या. पाठ चेपून द्या. बोलल्या तर बोला. पण त्यांनी ओठ घट्ट मिटून घेतले, तर उघडून बघू नका.